शंखावरून आलेला पांढरा ठिपका : नाशिकमधल्या एका खाऱ्या टाकीचं प्रकरण

पार्श्वभूमी

इंदिरानगरमधल्या एका फ्लॅटच्या दिवाणखान्यात चार फुटी, साडेतीनशे लिटरची खाऱ्या पाण्याची टाकी आहे. मालक अंबडच्या एका कारखान्यातून देखभाल अभियंता म्हणून निवृत्त झाले. त्यांना इथे काका म्हणते. ओळख पटेल असे बाकीचे तपशील बदलले आहेत. टाकीचं रोजचं काम काका आणि त्यांची मुलगी मिळून करतात. मी प्राणिशास्त्र शिकवते आणि शहरातल्या मासे पाळणाऱ्यांना निदानासाठी मदत करते, त्यामुळे हे प्रकरण माझ्याकडे आलं.

टाकीत चार मासे होते: क्लाऊनफिशची जोडी, एक डॅमसेल आणि एक पावडर ब्लू सर्जनफिश. प्रवाळ नव्हते. भारतात प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत येतात, म्हणून काकांनी सुरुवातीपासून सिरॅमिकचे कृत्रिम खडक वापरले. पाणी आरओचं, त्यात कृत्रिम समुद्री मीठ घालून विशिष्ट घनता १.०२५ ठेवलेली. नाशिकला समुद्र नाही. मासे काय, मीठ काय, सगळं मुंबईहून कसारा घाट चढूनच येतं.

काकांची शिस्त वाखाणण्यासारखी होती. प्रत्येक नवा मासा आधी वेगळ्या टाकीत जायचा. तिथे महिनाभर तांब्याचं औषध, मग निरीक्षण, मग मुख्य टाकी. तारीख, तापमान, घनता, खाणं, सगळं वहीत. त्या वहीमुळेच पुढचं कोडं सुटलं.

समस्या

थंडीच्या सुरुवातीला काचेवर शेवाळ वाढलं म्हणून काकांनी मुंबईच्या एका विक्रेत्याकडून टर्बो गोगलगायी आणि दोन क्लीनर कोळंब्या मागवल्या. पिशवीचं पाणी टाकीत पडू दिलं नाही, हळूहळू नव्या पाण्याची सवय केली आणि संध्याकाळी त्यांना थेट मुख्य टाकीत सोडलं. साधारण दोन आठवड्यांनी सर्जनफिशच्या कल्ल्यांवर रव्याच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले. मासा खडकाला अंग घासू लागला.

चौथ्या दिवशी ठिपके गेले. घरात सगळ्यांना हायसं वाटलं. काकूंनी तर लसणाचा रस लावलेल्या खाद्याला श्रेय दिलं. आठवड्याभराने ठिपके परत आले. या वेळी अंगभर, डॅमसेलवरही. सर्जनफिशचा श्वास जोरात चालू होता आणि त्याने खाणं सोडलं होतं. तेव्हा मला फोन आला.

ठिपके जाऊन परत येणं हे या रोगाचं ठरलेलं वागणं आहे, आणि बहुतेक टाक्यांमध्ये मौल्यवान दिवस इथेच वाया जातात. म्हणून हे चक्र आधी नीट सांगते.

रोगाचं कारण क्रिप्टोकॅरिऑन इरिटान्स नावाचा एकपेशीय परजीवी. माशाच्या त्वचेत आणि कल्ल्यांत घुसून तो ३ ते ७ दिवस खातो आणि वाढतो. या अवस्थेला ट्रोफॉन्ट म्हणतात; आपल्याला दिसणारा ठिपका तोच. पोट भरलं की तो मासा सोडतो, बहुधा अंधारात, आणि काही तास तळाशी सरपटत राहून एखाद्या पृष्ठभागाला चिकटतो. तिथे भोवती कठीण कवच तयार करून तो टोमॉन्ट होतो. या पुटीत पेशींचं विभाजन होऊन शेकडो थेरॉन्ट तयार होतात. थेरॉन्ट पोहत बाहेर पडतात आणि त्यांना साधारण एक-दोन दिवसांत मासा सापडावाच लागतो, नाहीतर ते मरतात. पहिल्या काही तासांनंतरच त्यांची मासा पकडण्याची ताकद ओसरू लागते.

म्हणजे ठिपके गेले तेव्हा रोग गेला नव्हता. परजीवी माशावरून उतरून टाकीत पसरला होता.

गोगलगायी, कोळंब्या, खेकडे यांना हा रोग होत नाही. परजीवीला वाढायला मासाच लागतो. पण टोमॉन्टला चिकटायला कुठलाही टणक पृष्ठभाग चालतो: वाळू, काच, खडक, शंख, खेकड्याचं कवच. विक्रेत्याकडे शंखावर बसलेली पुटी गोगलगायीबरोबर प्रवास करते आणि नव्या घरी येऊन फुटते.

निदान

मी सर्जनफिशच्या अंगावरचा थोडा चिकट स्राव काचपट्टीवर घेतला आणि टाकीच्याच पाण्याच्या थेंबात मायक्रोस्कोपखाली पाहिला. गडद, गोलसर, अंगभर बारीक केसाळ आवरण असलेली आणि सावकाश स्वतःभोवती फिरणारी पेशी दिसली. हा क्रिप्टोकॅरिऑनच. दुसरी शक्यता होती वेल्व्हेट या वेगळ्या रोगाची, म्हणजे अमायलूडिनियम ओसेलाटम या परजीवीची. त्याची पेशी माशाला चिकटून स्थिर असते, अंगावर बारीक सोनेरी धुळीसारखा थर दिसतो आणि मासे काही दिवसांतच मरतात. हा फरक पुढच्या उपचारासाठी निर्णायक होता. ज्यांच्याकडे मायक्रोस्कोप नाही त्यांनी जवळच्या कॉलेजच्या प्राणिशास्त्र विभागात विचारावं. दहा मिनिटांचं काम आहे.

आता प्रश्न आला कुठून याचा. काकांना पटत नव्हतं. "मॅडम, चारही मासे महिनाभर तांब्यात होते. शेवटचा मासा येऊनही पाच महिने झाले." वहीत तसंच होतं. मधल्या काळात टाकीत नवं काही आलं असेल तर त्या गोगलगायी आणि कोळंब्या. मी मुलीला विक्रेत्याला एकच प्रश्न विचारायला सांगितला: गोगलगायी ठेवता त्या टाकीचं पाणी माशांच्या टाक्यांशी जोडलेलं आहे का? उत्तर आलं, हो, सगळ्या टाक्यांचा सम्प (पाणी गाळून परत पाठवणारी खालची टाकी) एकच. तिने व्हिडिओ मागवला तर त्यात शेजारच्या टाकीतल्या माशांवर ठिपके दिसत होते.

पुरावा परिस्थितीजन्य आहे, पण मला तो पुरेसा वाटतो.

काकांसारख्या काटेकोर माणसाकडून ही फट कशी राहिली, यावर मी बराच विचार केला. त्यांच्या मनात क्वारंटाइन म्हणजे औषध असं समीकरण होतं. त्यांच्या वेगळ्या टाकीत कायम तांबं असायचं, आणि तांब्याने कोळंबी-गोगलगायी मरतात हे त्यांना ठाऊक होतं. तेव्हा त्यांना तिथे ठेवता येत नाही, आणि हा रोग त्यांना होतही नाही, म्हणून थेट मुख्य टाकी. दोन्ही विधानं खरी आहेत. पण बिनकण्याच्या प्राण्याच्या क्वारंटाइनमध्ये औषध नसतंच. तिथे फक्त तीन गोष्टी लागतात: मासा नसलेलं पाणी, ऊब आणि दिवस. पुट्या फुटतात, थेरॉन्टना मासा मिळत नाही, ते संपतात. गोगलगायीला यातलं काही जाणवतही नाही.

विचारात घेतलेले पर्याय

मुख्य टाकीतच तांबं टाकणं हा पहिला सल्ला काकांना आधीच दोघांनी दिला होता. तो लगेच बाद केला. गोगलगायी आणि कोळंब्या मेल्या असत्या, खडक आणि वाळूने तांबं शोषलं असतं, पातळी टिकली नसती आणि पुढे त्या टाकीत कोळंबी ठेवणं धोक्याचं झालं असतं. घनता १.००९ पर्यंत उतरवण्याचा उपाय या परजीवीवर चालतो, पण तो मासे एकटे असताना. गोगलगायी आणि कोळंब्या इतकं पातळ पाणी सहन करत नाहीत.

‘सगळ्यांना सुरक्षित’ असं लिहिलेल्या बाटल्या आणि अतिनील दिवा यांचाही विषय निघाला. दिवा त्यातून जाणाऱ्या पाण्यातले थेरॉन्ट मारतो, त्यामुळे प्रादुर्भावाचा जोर कमी होऊ शकतो. खडकावरच्या पुटीला तो काही करत नाही. क्लीनर कोळंबी माशाचं अंग साफ करते हे खरं, पण त्वचेच्या आत बसलेल्या ट्रोफॉन्टवर तो उपचार होऊ शकत नाही.

काहीच न करण्याच्या पर्यायावर आम्ही जास्त वेळ बोललो, कारण तो अनेक जण निवडतात. जगलेल्या माशांना काही महिने अंशतः प्रतिकारशक्ती येते आणि ठिपके दिसेनासे होतात. परजीवी मात्र कल्ल्यांमध्ये कमी संख्येने टिकून राहतो. पुढचा नवा मासा आला की त्याच्यावर तुटून पडतो. आणि सर्जनफिश तेवढा तग धरेल अशी चिन्हं नव्हती.

उरला तो खरा मार्ग: सगळे मासे बाहेर काढून त्यांच्यावर वेगळा उपचार, आणि मुख्य टाकी पुरेसे दिवस माशांविना.

माशांच्या उपचारासाठी दोन रस्ते होते. पहिला, चिलेटेड (दुसऱ्या रसायनाने बांधून ठेवलेलं) तांबं २ ते २.५ पीपीएमवर (दशलक्ष भागांत तेवढे भाग) महिनाभर. यात पातळी रोज मोजावी लागते. काकांचा तपासणीचा संच संपला होता आणि नवा कुरियरने यायला चार-पाच दिवस. तांबं न मोजता घालायला मी ठाम नकार दिला. कमी पडलं तर परजीवी जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. दुसरा रस्ता टाकी बदलण्याचा: दर ७२ तासांनी मासे पूर्ण कोरड्या, स्वच्छ टबात नव्या पाण्यात हलवायचे. मासा सोडलेल्या परजीवीला पुटी फोडून पुन्हा बाहेर यायला किमान तीन दिवस लागतात, त्याआधीच मासे तिथून गेलेले असतात. चार बदलांत, बारा-तेरा दिवसांत मासा मोकळा होतो. ही पद्धत वेल्व्हेटवर भरवशाची नाही. म्हणून मायक्रोस्कोप आवश्यक होता. आमचं निदान पक्कं होतं, औषधाची वाट पाहायची नव्हती. हाच रस्ता घेतला.

केलेली कार्यवाही

सर्वांत अवघड काम मासे पकडणं. क्लाऊनफिश जाळीत आले, सर्जनफिश अशक्त असल्याने सहज आला, डॅमसेल खडकात शिरला तो बाहेरच येईना. रात्री अकराला काका म्हणाले, "एकच तर आहे, राहू दे. त्याच्या अंगावर फार ठिपके पण नाहीत." हा या प्रकरणातला सगळ्यात महत्त्वाचा क्षण होता. एक मासा मागे राहिला तर परजीवीला यजमान मिळतो आणि पुढचे अडीच महिने निरर्थक ठरतात. दुसऱ्या दिवशी सकाळी टाकीचं बरंचसं पाणी स्वच्छ ड्रममध्ये काढलं, खडक एकेक करून उचलले, डॅमसेल पकडला, खडक रचले, तेच पाणी परत भरलं. तीन माणसं, अर्धा दिवस.

टब ठेवले आतल्या खोलीत, दिवाणखान्यापासून लांब. एअर स्टोनच्या (पाण्यात हवेचे बुडबुडे सोडणाऱ्या दगडाच्या) बुडबुड्यांचे तुषार आणि ओले हात एवढंही संसर्गाला पुरतं. जाळी, बादली, मग, सगळं प्रत्येक बाजूचं वेगळं. मुलीने लाल आणि निळी चिकटपट्टी लावून ठेवली. टब रिकामा झाला की धुऊन उन्हात खडखडीत वाळवायचा.

एक मोह टाळावा लागला. नव्या टबात अमोनिया वाढतो, तेव्हा मुख्य टाकीच्या सम्पमधला अमोनिया पचवणाऱ्या जिवाणूंनी भरलेला स्पंज उचलून लावावा असं कुणालाही वाटेल. पण त्या स्पंजवर पुट्या असू शकतात. त्याऐवजी अमोनिया बांधून ठेवणारं द्रावण, कमी खाद्य आणि दर तीन दिवसांनी मिळणारं नवं पाणी यांवर भागवलं.

सर्जनफिश दुसऱ्या रात्री गेला. कल्ले आधीच फार खराब झाले होते.

मुख्य टाकीत उरल्या गोगलगायी आणि कोळंब्या. त्यांना चिमूटभर खाद्य सुरू ठेवलं, म्हणजे त्या जगतात आणि जिवाणूंनाही अन्न मिळत राहतं. आता प्रश्न दिवसांचा. बऱ्याच ठिकाणी ७६ दिवस सांगितले जातात, कारण प्रयोगात पुट्या फुटायला जास्तीत जास्त ७२ दिवस लागल्याची नोंद आहे. अलीकडे अनेक जण २७ अंश सेल्सियसला ४५ दिवस पुरे मानतात, कारण उबेत चक्र वेगाने पूर्ण होतं. दोन्ही आकड्यांना तापमानाचा आधार लागतो, आणि नाशिककर इथेच फसू शकतो. डिसेंबरच्या पहाटे आपल्याकडे बाहेर पारा दहाच्या आसपास येतो. काकांच्या वहीत टाकीचं तापमान सकाळी २२-२३ होतं, कारण जुना हीटर टाकीच्या मानाने लहान होता. १२ अंशांवर ठेवलेल्या पुट्या काही महिने सुप्त राहून ऊब मिळताच पुन्हा फुटल्याचं संशोधनात दिसलं आहे. काकांची टाकी एवढी थंड नव्हती, पण दिशा तीच. थंड पाण्यात मोजलेले दिवस उबेतल्या दिवसांची बरोबरी करत नाहीत.

म्हणून दोन हीटर बसवले. एक मोठा घेण्यापेक्षा दोन मध्यम बरे. एक बिघडला तर दुसरा तापमान फार पडू देत नाही. टाकी २७ अंशांवर स्थिर झाल्यावरच काकांनी वहीत ‘दिवस पहिला’ लिहिलं. मासे निघाल्यापासून तोवर गेलेले दिवस धरले नाहीत.

जानेवारीत एकदा देखभालीसाठी दिवसभर वीज गेली आणि पाणी २३ वर आलं. ४५ की ७६, हा वाद त्या दिवशी मिटला. अशा खंडांची भरपाई करायला मोठा आकडाच हवा होता.

फेब्रुवारीत आणखी एक कसोटी आली. काकांच्या एका मित्राने मुंबईहून प्रेमाने शंखखेकडे आणले. मुख्य टाकीत तर मासेच नाहीत, मग तिथेच सोडले तर काय बिघडतं, असं मुलीने विचारलं. प्रश्न रास्त होता. पण त्या शंखांवर नवी पुटी असेल तर घड्याळ पुन्हा शून्यावर जाणार. खेकडे वेगळ्या टबात गेले: ४० लिटर, स्वतःचा हीटर, स्पंज फिल्टर, वहीत त्यांची वेगळी तारीख. हा टब नवा कोरा घेतला. जुन्या क्वारंटाइन टाकीत वर्षभर तांबं होतं, तिथे खेकडे ठेवायची जोखीम नको होती.

निष्पत्ती

तिन्ही मासे बदलांच्या शेवटी स्वच्छ झाले आणि मार्चच्या मध्यापर्यंत आतल्या खोलीतच निरीक्षणाखाली राहिले. ७६ दिवस पूर्ण झाल्यावर ते मुख्य टाकीत परतले. हे लिहीपर्यंत ठिपका दिसलेला नाही. गोगलगायी जिवंत आहेत. एक कोळंबी मधल्या काळात मेली. तिचं कारण कळलं नाही, पण पाण्याच्या चाचण्यांत दोष नव्हता. शंखखेकडे एप्रिलमध्ये त्यांचे दिवस भरल्यावर मुख्य टाकीत गेले.

काय वेगळं करता आलं असतं

गोगलगायी आल्या त्या दिवशी हा ४० लिटरचा टब असता तर सर्जनफिश वाचला असता. खर्चाच्या मानाने हीच सर्वांत मोठी बचत ठरली असती: एक टब, एक हीटर, एक स्पंज फिल्टर, थोडं मीठ.

पहिले ठिपके दिसले तेव्हाच हालचाल व्हायला हवी होती. ते दहा-अकरा दिवस औषधाविना गेले, आणि तेवढ्यात परजीवीचं एक पूर्ण चक्र झालं. पहिल्याच ठिपक्याला स्राव तपासला असता तर सर्जनफिश खाता-पिता असताना टबात गेला असता. काकांनी तपासणीचा संच संपू दिला नसता तर तांब्याचा पर्यायही हातात राहिला असता. औषध आणि ते मोजायचं साधन दोन्ही घरात हवंच, कारण मागवून आपल्याकडे ते त्याच दिवशी मिळत नाही.

सर्जनफिश या टाकीत नसायला हवा होता असंही माझं स्पष्ट मत आहे. साडेतीनशे लिटर त्याला अपुरे, आणि या रोगाला सर्वांत लवकर बळी पडणाऱ्या माशांत त्याचा नंबर वरचा. विक्रेते छोटा मासा दाखवून विकतात.

काकांनी विचारलं होतं की शंख ब्रशने घासले, पिशवीतून काढून दोन-तीन वेळा स्वच्छ खाऱ्या पाण्यात बुडवले तर टबाची गरज उरेल का. पोहणारे थेरॉन्ट त्याने धुऊन जातात, म्हणून ते जरूर करावं. पुटी मात्र मिलिमीटरहून लहान असते, शंखाच्या खाचेत किंवा झाकणाखाली बसते आणि तिचं कवच चिवट असतं. प्रवाळ बुडवून काढायला मिळणारी ‘डिप’ द्रावणंही तिला मारत नाहीत. कोळंबी कात टाकते तेव्हा तिच्या कवचावरची पुटी कातीबरोबर सुटते, पण ती कात टबातच पडलेली असते. दिसली की लगेच काढावी. अ‍ॅनिमोनसारख्या मऊ प्राण्याच्या बाबतीत ज्या दगडावर त्याचा पाय रोवलेला असतो त्या दगडाकडे पाहावं. दगडासकट आला तर दगडासाठी दिवस मोजायचे.

दुकानात एकाच सम्पवर मासे आणि गोगलगायी असणं हे कुठल्या एका विक्रेत्यापुरतं नाही. जागा आणि पाणी वाचवण्यासाठी बरेच जण तसं करतात. ते बदलणं आपल्या हातात नाही, विचारणं आहे. काका आता पाठवणाऱ्याला तीन गोष्टी विचारतात: टाकीचं पाणी माशांशी जोडलेलं आहे का, गोगलगायी तिथे किती दिवसांपासून आहेत, आणि मधल्या काळात त्या टाकीत नवी भर पडली का. उत्तर काहीही असो, येणारा प्रत्येक शंख टबात जातो. टबाच्या झाकणावर मुलीने कागद चिकटवलाय: आल्याची तारीख, २७ अंशांना पोचल्याची तारीख, सोडायची तारीख. मधली तारीख भरल्याशिवाय शेवटची लिहायची नाही, असं त्या दोघांनी ठरवलं आहे.